पोरांचा कॅमेरा आणि नरसय्याचा मोर

२६ नोव्हेंबर ७८, रवि.
आज डबा पोरांच्या हवाली केला. "लांबूनच बघा, हात लावू नका" असलं काही नाही. देऊनच टाकला. दोघांत एक. बेबी, म्हणजे आमची नात, सहा पूर्ण. आणि भिंतीपलीकडच्या नरसय्या मागवाल्याचा अंबादास, सात.

डबा म्हणजे माझा जुना बॉक्स कॅमेरा. होटगीला सिग्नलच्या केबिनवर होतो, तेव्हा बदली होऊन निघालेल्या एका गार्डसाहेबांनी जाता जाता हातात ठेवला. शिकवायला कोणी नव्हतं. पहिला रोल "आलं का बघू" म्हणून भर उन्हात उघडून बघितला. सगळा वाया. त्यानंतर मात्र उघडला नाही. तेवीस वर्षं झाली.

सौ. म्हणाली, "तेवीस वर्षं मला हात लावू दिला न्हाईत, आन् शेंबड्या पोरांना देऊन मोकळे!"
खरं आहे.

नियम दोनच सांगितले. एक, फोटो बिघडला तर कुणी कुणाला बोलायचं नाही. मीसुद्धा. दोन, माणसाचा काढायचा तर आधी विचारायचं.
अंबादास : "म्हशीला?"
म्हशीला नको, म्हटलं.

२९ नोव्हें., बुध.
रोल न घालताच शिकवणी. डब्याची पाठ उघडली, तिथं पतंगाचा पांढरा कागद ताणून बसवला, खटका उघडा धरला आणि दोघांना घेऊन चादरीखाली शिरलो. गुडघे कुरकुरले. अंगणात सौ. भांडी घासत होती. कागदावर इवलीशी सौ., डोकं खाली पाय वर, रंगीत, हलतीय.

बेबी किंचाळलीच. "आजी उलटी झाली!"
अंबादास कागदाजवळ नाक नेऊन बघत राहिला. मग हळूच, "आबा, पातेल्यातलं पाणी सांडंना की."

मी इतकी वर्षं ती उलटी चित्रं बघितली. पाण्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

बाहेरून सौ. : "चादरीखाली काय खुसखुस चाललीय? मला हसताय व्हय?"

३ डिसें., रवि.
रोल घातला. आठ फोटो, चार-चार वाटून. डबा पोटाशी धरायचा, सूप धरतो तसा. ऊन पाठीला घ्यायचं, थंडीचं शेकायला बसतो तसं. काढायचं त्याच्यापासून दहा पावलं मागं. उतू चाललेल्या दुधाचं पातेलं उतरवताना श्वास धरतो तसा धरायचा, मग खटका. नंतर मागच्या लाल काचेत पुढचा आकडा येईस्तोवर चावी फिरवायची. लाल काच बघून मला माझी केबिन आठवली. असो.

बेबीचे चार अर्ध्या तासात उडाले. एक शेळी. एक आजीचे पाय. एक स्वतःची सावली. चौथा आभाळाचा.
"आभाळ कशाला गं?"
"मोकळं होतं."

अंबादासनं एकही नाही काढला. डबा पोटाशी धरून अख्खी गल्ली फिरला, दहा दहा पावलं मोजली, वाकून काचेत बघितलं, पुन्हा सरळ झाला. बेबी कंटाळली. "आबा, याला येत नाही." पहिल्या नियमाची आठवण करून दिली. म्हणाली, "मी कुठं बिघडला म्हटलं? त्यानं काढलाच नाही!" बरोबर आहे तिचं.

७ डिसें., गुरु.
अंबादासचा पहिला फोटो आज झाला. त्याची आई दारात उन्हाला बसून कांड्या भरत होती, मागाचं सूत गुंडाळायच्या. त्यानं विचारलं. ती म्हणाली, "वद्दु रा." नको म्हणाली.
"मग?"
"मग हातांचा काढला. हात न्हाई म्हणाले न्हाईत."

लबाड आहे. पण विचारलं तर खरं. घरी येऊन सौ.ला सांगितलं, ती पदर तोंडाला लावून हसली. मग स्वतःच्या हातांकडे बघत बसली थोडा वेळ.

९ डिसें., शनि.
"आबा, आठ झाले." काय काय काढलंस? "आल्यावर बघा की." मोठ्या माणसासारखा बोलतो. नरसय्याचंच पोरगं. तोही तसाच, काम पुरं होईपर्यंत काय चाललंय ते सांगत नाही. मागं तीन महिने त्यांच्या घरी चौकटीच्या कागदावर काहीतरी रंगवणं चाललं होतं. आम्ही गेलो की कागद उपडा.

१० डिसें., रवि.
सात रस्त्याला मेहबूबच्या स्टुडिओत रोल दिला. मेहबूब : "चचा, इस उमर में फिर शुरू किये क्या?" म्हटलं, मी नाही बाबा, पोरं. तो हसला. नाव लिहून घेतलं. गुरुवारी या म्हणाला.
येताना पाय दुखले, पण मन हलकं.

१४ डिसें., गुरु.
फोटो आणले. एकेक लिहितो.

बेबीची शेळी अर्धी. आजीचे पाय एकदम छान, जोडव्यांसकट. सावली सुरेख. आभाळात काहीच नाही, पण ती म्हणते "तेच तर आहे." अंबादासच्या चारांतले दोन धुरकट, हलले. हातांचा चांगला, बोटांवर सूत स्पष्ट.

आणि चौथा. त्यांच्या अंगणात बाजेवर कोरी चादर अंथरलेली, मागावरून नुकती उतरवलेली असावी. तिच्यावर त्याची बहीण पद्मा, दहा महिन्यांची, मुठी उघड्या टाकून गाढ झोपलेली. वरून काढलाय, गच्चीच्या जिन्यावरून. हे मी शिकवलेलं नाही. ऊन तिरपं आहे, चादरीचा धागा न् धागा उठून आलाय. मधे मोठं कमळ, चारी कोपऱ्यांत मोर, माना वळवून मागं बघणारे. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती पोर.

मेहबूबनं न सांगता तो मोठा करून ठेवला होता. "चचा, तीस साल से धंदा कर रहा हूँ, बच्चा सोता हुआ ऐसा नहीं निकाल्या मैं. ये मेरेकू काच में लगाने देव. लिखूँगा नीचे, सात बरस के बच्चे ने निकाल्या." म्हटलं, "लावा की! विचारता काय?" दुकानाच्या काचेत लावेपर्यंत समोर उभा राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना थांबवून दाखवला. आमच्या शेजारचं पोरगं, म्हटलं.

घरी येऊन बारका फोटो अंबादासच्या हातावर ठेवला. त्याच्या आईनं बघितला, पद्माच्या तोंडावर बोट फिरवलं, बोटाचा मुका घेतला. नरसय्या मागावर होता. हाक मारली नाही. गड्ड्याची जत्रा महिन्यावर आली, आता त्याला श्वास घ्यायला सवड नाही.

देवा, म्हातारपणी एवढं दिलंस. पुरे झालं.

१९ डिसें., मंगळ.
पुरे झालं असं लिहायला नको होतं.

दुपारी नरसय्या आला. हातात फडक्यात गुंडाळलेला डबा. खाली ठेवला. बसला नाही.
"आबा, सात रस्त्याला काचेत माझा मोर हाय."
मी खुळा, हसलो. "मोर कुठला रे, ती तुझी पद्मा की!"
"पद्मा तुमास्नी दिसती. मागवाल्यास्नी मोर दिसतोय."

मग एकेक सांगितलं. आवाज खालचा. ही नक्षी त्यानं स्वतः काढली, कुणाची उचलली नाही. तीन महिने कागदावर, मग मागाला नक्षी कळावी म्हणून पुठ्ठ्यांना भोकं पाडून माग लावला. गड्ड्यात दुकान मांडून तिथंच पहिल्यांदा बाहेर काढायची होती. तोपर्यंत घराबाहेर एक धागा जाऊ दिला नव्हता. ती पहिली चादर तासभर उन्हात बघायला टाकली तेवढीच. "नवी नक्षी एकदा दुसऱ्या मागावर चढली आबा, की माझी राहात न्हाई. गड्ड्यात शंभर दुकानं लागत्यात. गिऱ्हाईक माझ्याकडंच का यील?"

म्हटलं, "काचेत मी लावायला सांगितला. पोराचं काही चुकलं नाही."
"व्हय. पर काढला त्यानं." डब्याकडे बोट. "ह्यो आता आमच्यात नको."
आणि गेला. भिंतीपलीकडून काही ऐकू येतं का म्हणून मी कान देऊन बसलो. पोराला मारलं नाही. ओरडलाही नाही. त्याचे उपकार.

तसाच सात रस्ता गाठला. मेहबूब ऐकता ऐकताच काचेत हात घालून फोटो काढायला लागला. पाच दिवस होता तो तिथं. "चचा, मेरेकू क्या मालूम." मलाही कुठं मालूम होतं. मग म्हणाला, शनिवारी एकजण बराच वेळ उभा राहिला होता, आत येऊन म्हणाला या फोटोची एक प्रत दे. "दिया नहीं मैं. बोल्या, बच्चे का है, पहले उसकू पूछके आव." मी मेहबूबचे दोन्ही हात धरले. तो गोंधळला.

रस्त्यानं येताना उमगलं. परक्या मेहबूबला सुचलं की पोराला विचारावं. नियम करणारा मी, मला नाही सुचलं. बाईमाणसाला विचार, बाप्याला विचार म्हणून दोघांना बजावलं, आणि पोराचा फोटो गावाच्या काचेत लावताना त्या पोराला विचारलं नाही. विचारलं असतं तर? कदाचित म्हणाला असता, नायनाला, म्हणजे बापाला, विचारतो. तेवढ्यावर निभावलं असतं.

२० डिसें., बुध.
नरसय्याकडे गेलो. निगेटिव्ह, मोठा फोटो, दोन्ही त्याच्यापुढं ठेवले. त्यानं निगेटिव्ह उजेडात धरून बघितली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. बराच वेळ बघत होता. म्हटलं, "माझी चूक. तू सांगशील ते करतो." पुन्हा म्हटलं, पोरानं बहिणीचा काढला, चादर आपली खाली होती म्हणून आली.

अंबादास कोपऱ्यात आईशेजारी कांड्या भरत होता. मी हे म्हणालो तशी त्यानं मान वर केली. तोंड उघडल्यासारखं केलं. परत खाली.

त्याची आई मधेच मराठीत म्हणाली, मला कळावं म्हणून, "येवढं काय डोक्याला लावून घेताय दोघं? फोटोत रंग हाय का? काळ्या-पांढऱ्या चादरी कोण मूर्ख इणणार हाय?"
नरसय्याच्या मिशीत किंचित हललं. पण हसला नाही. "रंग कोणबी भरतंय. मान वळवायला तीन महिने लागलं."

शेवटी एवढं म्हणाला : गड्डा होऊ दे. आपली नक्षी दुसऱ्या कुणाच्या दुकानात दोरीवर दिसते का ते बघू. मग डब्याचं बघू. तोवर पोरानं त्याला हात लावायचा नाही.
रास्त आहे. मी त्याच्या जागी असतो तर दारात उभा केला नसता मला. त्यानं चहा दिला.

२४ डिसें., रवि.
नवा रोल घातला तो बेबीसाठी. तिनं तिचे चार काढले आणि डबा माझ्याकडे आणून दिला. "पुढचे चार त्याचे." मी म्हटलं, तो सध्या काढणार नाही, तूच काढ. "मग चोरी होईल की आबा." सौ. आतून म्हणाली, "कुणाकडनं शिकली बाई हे!" माझ्याकडून नक्की नाही.

दोघं भिंतीवरून बोलतात. भिंतीला बंदी नाही. बेबीनं येऊन सांगितलं, "अंबादासचे आज तीन झाले."
"कसले तीन?"
"नुसते बघितलेले." मग तीनही सांगितले मला, कुठून उभं राहून बघितले त्यासकट.

२ जाने. ७९, मंगळ.
पानपट्टीवर कुणी म्हणालं, अमक्या गल्लीत एकाच्या मागावर मोर चढलाय. मोर म्हणजे कसला मोर, मान पुढं की मागं, ते कुणाला माहीत नाही. नरसय्याला सांगावं की नको? सांगून त्याच्या हातात काय आहे? नाही सांगितलं. दुपारी जेवण गेलं नाही.
सौ. : "मोर काय तुमच्या पोटात नाचतोय? गुमान जेवा."
जेवलो.

तिचं एक बरं. दुःख वाढून घेऊ देत नाही.

१३ जाने., शनि., भोगी
नरसय्याची गाडी भरली. गठ्ठे मी मोजले नाहीत, नजर लागेल. जाताना म्हणाला, "सोमवारी या आबा, दुकानावर. आजीलाबी आणा. बेबीला." बोलावलं हे काय कमी आहे? ज्याच्या पोटावर मी पाय दिला असेन-नसेन, त्यानं बोलावलं.

१५ जाने., सोम.
गड्ड्यात गेलो. सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर विसरेन.

नरसय्याचं दुकान पाळण्यांच्या अलीकडे, रांगेत. दोरीवर चादरी लटकवलेल्या. मी ही नक्षी फोटोतच बघितलेली, काळी-पांढरी. आज रंग बघितला. विटकरी लाल, त्यात हिरवा मोर, पिसाऱ्यात पिवळा एकच धागा. सौ.नं हात लावला आणि म्हणाली, "अगं बाई." तिला शब्द कमी पडले हे मी लग्नानंतर दुसऱ्यांदा बघितलं.

गिऱ्हाईक होतं. फार नव्हतं. पलीकडे चार दुकानं सोडून एकाच्या दोरीवर निळी चादर. तिच्यावर मोर. मला दिसला तसा नरसय्यालाही दिसला असणार, मी यायच्या आधीच. मी त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "जाऊन आलो सकाळीच."
"मागं बघतोय?"
"बघतोय."
"मग?"
"त्यो म्हणतोय, त्याच्या सासऱ्याच्या वेळचा नमुना हाय. असंल. नसंलबी. कमळ न्हाई त्येच्यात." तागा झटकावा तशी मान झटकली त्यानं. "मोर काय मी एकट्यानं बघितलाय व्हय, आबा?"

हे मला मोकळं करायला म्हणाला की खरंच तसं वाटतं म्हणून, कळायला मार्ग नाही. मला तिथं उभं राहवेना. पुन्हा तेच म्हणालो. नरसय्या, पोराच्या मनात काही नव्हतं रे. त्यानं आपल्या बहिणीचा फोटो काढला, चादर कुठं काढायला गेला होता तो.

"न्हाई."
अंबादास. गठ्ठ्यावर बसला होता पद्माला मांडीवर घेऊन. "न्हाई आबा. मी चादरच काढली."

नरसय्या वळला.
पोरगं घाबरलं, पण बोलत राहिलं. बापाकडे बघून. "नायना, खालनं काढली तर निम्मीच येत हुती काचेत. म्हणून जिन्यावर गेलो. चौथ्या पायरीवर. मोर चारीबी यायला पायजेत म्हणून."
"आन् पद्मा कशाला?" आवाजात राग नव्हता. विचारत होता.
"चादर नुसतीच पडली हुती. काय बी वाटंना. मग पद्माला आणून निजवली. कोण निजलं तर ऊब दिसती."

महिनाभर मी या पोराची बाजू घेत हिंडतोय, आणि त्यानं काय काढलं तेच मला कळलं नव्हतं. त्या दिवशी कोपऱ्यात तो हेच सांगणार होता. मी त्याला पुढं बोलू दिलं नाही.

एक गिऱ्हाईक आलं, "ती लाल दाखवा" म्हणालं. नरसय्यानं दाखवली. गिऱ्हाईक गेलं. तो चादर परत घडी करायला लागला, दोनदा चुकला. मग पोराला म्हणाला, तेलुगूत, लहानसं काहीतरी. मला समजलं नाही, विचारलंही नाही. अंबादासनं मान हलवली आणि पद्माला सावरून घेतलं.

परत येताना सौ. म्हणाली, "काय म्हणाला असंल हो?" बेबीला पाळण्यात बसायचं होतं. बसवली.

१७ जाने., बुध.
सौ. शेजारणींबरोबर पुन्हा गड्ड्यात जाऊन आली. सांगत होती, नरसय्यानं दोरीवरच्या चादरी निम्म्या उतरवल्यात. दुकानाच्या पुढं बाज टाकलीय, तिच्यावर एक लाल चादर ताणून अंथरलीय, आणि तिच्यावर पद्मा झोपलेली. बायका थांबतात, पोरीला बघायला वाकतात, वाकल्यावर हात आपसूक चादरीला लागतो. "मीबी वाकले," म्हणाली. "मला म्हाईत असून."

निळ्या चादरीवाल्याचं काय, ते तिनं बघितलं नाही. बघायला हवं होतं. की नको.

डब्याबद्दल नरसय्या अजून अवाक्षर बोललेला नाही. गड्डा उठायला दिवस आहेत. सौ. म्हणते, विचारा की एकदा. मी म्हटलं, नाही. पोरगं त्याचं, मोर त्याचा. मी एकदा न विचारता लावला, आता विचारून घाई करणार नाही.

बेबीला तेवढं समजत नाही. आज तीनदा विचारलं, "आबा, अंबादासचे नायना हो म्हणतील का?"
माहीत नाही गं, म्हटलं. खरंच माहीत नाही.